साइन कशाचा?

जानेवारीच्या मध्याला आमच्या भिंतीवरची दिनदर्शिका सूर्योदय सव्वासातच्या आसपास सांगते. वर्ध्यात तोवर ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर येऊन बसलेलं असतं, दूधवाला गल्लीचं टोक गाठून परत फिरलेला असतो आणि समोरच्या आजी शाल गुंडाळून ओट्यावर पाठ शेकायला बसलेल्या असतात. आमचा सूर्य सातच्या आतच उगवतो. दिनदर्शिका खोटं बोलत नाही, ती मुंबईची वेळ सांगते. मुंबई आणि वर्धा यांच्या रेखांशांत पावणेसहा अंशांचा फरक आहे. अंशाला चार मिनिटं धरली की बावीस-तेवीस मिनिटं होतात. ऋतू बदलला की त्यात दोन-तीन मिनिटांची घटबढ.

सूर्योदय म्हटला की दोन गोष्टी विचारायला हव्यात. कुठला, आणि कोणत्या दिवसाचा. गणिताच्या लिपीत मांडायचं तर सूर्योदय(गाव, दिवस). कंसात दोन जागा आहेत आणि दोन्ही भरल्याशिवाय उत्तर येत नाही. त्यातली दिवसाची जागा दिनदर्शिका रोज इमानेइतबारे भरते. गावाची जागा मात्र छापतानाच भरून टाकलेली असते, आणि ती भरली आहे हे सांगणारा शब्द असलाच तर पानाच्या कोपऱ्यात, चष्मा लावून शोधावा लागेल असा. विदर्भातल्या माणसाला याची सवय आहे. राज्याचा पाऊस, राज्याची थंडी, राज्याचा मूड असं काही वर्तमानपत्रात वाचलं की आम्ही मनातल्या मनात विचारतो, कुठला?

मी गणित शिकवत असे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडात बसला आहे. अकरावीच्या वर्गात त्रिकोणमिती सुरू झाली की महिन्याभरात तो दिवस यायचाच. फळ्यावर साइन एक्स भागिले एक्स असं लिहिलेलं आहे. कोणीतरी उत्साही मुलगा उठतो, वरचा एक्स खोडतो, खालचा एक्स खोडतो आणि खडू ठेवून जागेवर जाऊन बसतो. फळ्यावर उरतो नुसता साइन. मी विचारते, "साइन कशाचा?" तो फळ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "साइनच आहे ना मॅडम." वर्ग हसतो. पण हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांना आपण का हसलो हे नीट सांगता येत नाही, आणि उरलेले अर्धे शेजाऱ्याकडे बघून हसलेले असतात.

नुसता साइन म्हणजे काय, हा प्रश्न तसा साधा नाही. तो एक नियम आहे. कोन द्या, संख्या देतो. तीस अंश द्या, अर्धा देतो. नव्वद द्या, एक देतो. काहीच दिलं नाही तर तो गप्प बसून राहतो. त्याला मोजता येत नाही, भागता येत नाही, त्याच्या शेजारच्या एक्सला खोडता तर मुळीच येत नाही, कारण तो एक्स त्याला गुणत नसतो. दोघं शेजारी उभे आहेत, पण त्यांचं नातं गुणाकाराचं नाही. शाळेत पाच-सहा वर्षं मुलांनी शिकलेलं असतं की दोन अक्षरं चिकटून उभी असली तर त्यांच्यात अदृश्य गुणिले असतं. मग एके दिवशी आम्ही येतो आणि न सांगता ती सवय मोडतो.

कंसाचंही तेच. सहावी-सातवीपासून फळ्यावर एकच हुकूम असतो: कंस सोडवा. बाहेरची संख्या आतल्या प्रत्येकाला वाटून द्यायची, कंस पुसायचा आणि पुढे जायचं. कंस म्हणजे तात्पुरती अडचण. अशा तालमीत वाढलेल्या मुलापुढे साइन(अ + ब) ठेवलं की त्याचा हात आपोआप चालतो आणि साइन अ अधिक साइन ब असं लिहून मोकळा होतो. त्याला अ म्हणजे तीस आणि ब म्हणजे साठ घेऊन बघायला सांगावं. डावीकडे साइन नव्वद, म्हणजे एक. उजवीकडे अर्धा अधिक शून्य पूर्णांक आठशे सहासष्ट, म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक सदतीस. आणि साइनची किंमत तर एकच्या वर कधी जातच नाही. मुलगा थबकतो. हा कंस सोडवायचा नसतो, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवतं. या कंसातलं जे काही आहे ते सगळं मिळून एक आहे, आणि ते एकत्रच आत जायचं आहे.

फ(क्ष) असं आमच्या मराठी माध्यमाच्या जुन्या पुस्तकांत छापलेलं असे. पुढे कॉलेजात गेल्यावर तेच एफ ऑफ एक्स झालं. ही खूण इतकी रुळली आहे की ती कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा लिहिली असेल असं वाटतच नाही. योहान बर्नुली यांनी १७१८ साली नियमासाठी ग्रीक फाय हे अक्षर घेतलं आणि त्याच्या शेजारी एक्स तसाच उभा केला, कंस न घालता. एकटा एक्स असेल तर कंसाची गरजही भासत नाही. पुढे १७३४च्या सुमारास त्यांचेच शिष्य ऑयलर यांना एका लेखात नियमाच्या हाती एकटा एक्स द्यायचा नव्हता. एक्स भागिले ए आणि त्यात सी मिळवून जे होईल ते सगळं द्यायचं होतं. तेव्हा त्यांनी त्या सगळ्याभोवती कंस घातला आणि पुढे एफ लिहिला. म्हणजे हा कंस जन्मला तोच मुळी अनेकांना एक करण्यासाठी. वर्गातला मुलगा त्याला फोडायला धावतो तेव्हा तो नेमका उलट्या दिशेने जात असतो.

साइन, कॉस, लॉग यांना मात्र जुन्या घराण्यातल्या माणसांसारखी सूट मिळाली. त्यांच्यापुढे कंस नसला तरी चालतो. साइन दोन एक्स लिहिलं की दोन आणि एक्स दोघंही आत धरायचे, पण साइन एक्स कॉस एक्स लिहिलं की कॉस बाहेर राहतो, हे कोणी कधी शिकवत नाही. ते बघून बघून अंगी मुरतं. त्यातून डोक्यावरच्या आकड्यांचा गोंधळ वेगळाच. साइनच्या डोक्यावर दोन असेल तर आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा, आणि उणे एक असेल तर तो व्यस्तांक नसतो, उलटा प्रवास असतो: संख्या घ्या, कोन सांगा. ही उणे एकची खूण जॉन हर्शेल यांनी १८१३ साली रूढ केली. मुलं दरवर्षी त्यावरून तक्रार करत आणि मला मनातून ती तक्रार पटत असे. एकाच जागी बसलेला आकडा एकदा एक बोलतो, एकदा दुसरंच. मी एवढंच सांगत असे की प्रश्न विचारायची सवय ठेवा, कशाचा वर्ग, कशाचं उलट, म्हणजे चिन्हं फसवणार नाहीत.

आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. आमच्या वेळी परीक्षेच्या हॉलमध्ये पातळ पुठ्ठ्याची लॉग टेबलं मिळत, बहुतेक क्लार्कची, कोपरे दुमडलेली, आणि आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेली. दोन पूर्णांक तीनशे सत्तेचाळीसचा लॉग हवा आहे. डाव्या हाताचं बोट पहिल्या रकान्यातल्या तेवीसवर ठेवायचं. उजव्या हाताचं बोट माथ्यावरच्या चारवर ठेवून सरळ खाली आणायचं. दोन बोटं भेटतात तिथे ३६९२ असतं. मग त्याच ओळीने उजवीकडे, पानाच्या टोकाला लहान आकड्यांच्या रकान्यात सातखाली जायचं, तिथे १३ मिळतात. ते मिळवायचे: ३७०५. उत्तर, शून्य पूर्णांक ३७०५. हे काम करताना एक गोष्ट बोटांना कळत असे जी यंत्राची कळ दाबताना कळत नाही. आपण काहीतरी हातात घेऊन त्या पानात शिरतो. ते हातातलं नसेल तर पान भरगच्च असूनही मुकं आहे.

युरोपातल्या खगोलगणितींनी कोष्टकात शिरताना हाती घ्यायच्या कोनाला आर्ग्युमेंट म्हटलं, आणि गणितात हे नाव तिथूनच आलं. आपल्याकडच्या ज्योतिषगणितात तेच काम केंद्र करतं. मध्यम ग्रह आणि त्याचं मंदोच्च यांतलं अंतर म्हणजे मंदकेंद्र. ते घेऊन आत जायचं आणि मंदफल घेऊन बाहेर यायचं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी पुढे फंक्शनला, म्हणजे अशा नियमाला, फल म्हटलं त्याची ही जुनी वाट. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव रचला तेव्हा या फलांसाठी लागणाऱ्या ‘ज्या’ (म्हणजे साइनचंच जुनं रूप) आणि ‘चाप’ यांना त्यांनी पूर्ण फाटा दिला, आणि साध्या गुणाकार-भागाकाराने उत्तर खऱ्याच्या जवळ नेलं. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पिढ्यान् पिढ्या त्याच ग्रंथावर चालले. १८६० साली केरो लक्ष्मण छत्र्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके काढली ती नव्या वेधांच्या आधाराने. ग्रह तेच, आकाश तेच. फक्त कोष्टकात शिरताना हातात धरायच्या संख्या आणि आतून मिळणारी उत्तरं नव्याने मांडावी लागली.

संमिश्र संख्यांच्या धड्यात आर्ग्युमेंट पुन्हा भेटतं, तिथे ते दिशेचं नाव आहे. उगमापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला, एवढं सांगितलं की प्रतलावरचा बिंदू सापडतो. हा धडा मी नेहमी नागपूरच्या झीरो माइलवरून शिकवत असे, कारण वर्गातल्या जवळपास प्रत्येकाने ते चार घोडे आणि तो खांब बघितलेला असायचा. तिथून वर्धा सत्तरेक किलोमीटर, नैऋत्येला. पूर्वेकडून उलट्या काट्याने मोजत गेलं तर कोन दोनशेवीस अंशांच्या आसपास येतो. कोणी म्हणेल, मॅडम, सुलट्या काट्याने गेलं तर? तर उणे एकशेचाळीस. दोन्ही बरोबर. खांबाला एक पूर्ण चक्कर मारून निघालात तर तीनशेसाठ मिळवा, तरी वर्धा जागची हलत नाही. म्हणून पुस्तक सांगतं की उणे एकशेऐंशीपासून एकशेऐंशीपर्यंतचं एकच उत्तर मुख्य धरा. मग मागच्या बाकावरून प्रश्न यायचा आणि मी त्याची वाट बघत असायचे: खुद्द झीरो माइलचं आर्ग्युमेंट काय? काही नाही. शून्याला दिशा नसते. ज्या जागेपासून सगळ्यांच्या दिशा मोजायच्या तिला स्वतःची दिशा सांगता येत नाही.

सेवाग्राम माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. पाहुणे आले की त्यांना बापूकुटीत न्यायचं हा वर्ध्याच्या घरांचा शिरस्ता आहे. सगळे कुटीतल्या वस्तू बघतात. मी हल्ली सुताकडे जास्त बघते. चार फुटांचा एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे सहाशेचाळीस तार. सूत किती बारीक हे अंकावरून ठरतं: एका पौंडात ८४० वारांची जितकी मापं बसतील तितका अंक. वीस अंकाचं सूत दहा अंकाच्या दुप्पट बारीक. हेही एक फल आहे आणि त्याच्या कंसात दोनच गोष्टी आहेत, लांबी आणि वजन.

मला यात गंमत वाटते ती कंसात काय नाही याची. कातणाऱ्याचं नाव नाही. त्याची जात, वय, हुद्दा, तो तुरुंगात जाऊन आला की नाही, यातलं काहीच नाही. काँग्रेसचे मोठे पुढारी आश्रमात येऊन सूत कातत आणि शेजारी गावचं पोर कातत असे. काटा आणि फाळका दोघांचं सारखंच ऐकत. पुढाऱ्याचं सूत जाड असेल तर अंक कमी यायचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवसांत वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. तीत गणित वेगळं शिकवायचं नव्हतं. टकली फिरवताना तार मोजा, लट्या मोजा, वजन करा, अंक काढा, असा समवाय होता. त्या मुलांनी फ(क्ष) ही खूण कधी पाहिली नसेल, पण कशावर काय अवलंबून आहे हे त्यांच्या चिमटीला ठाऊक होतं. पेळू नीट पिंजलेला नसला की तार तुटतो, आणि तुटलेल्या ताराचं खापर टकलीवर फोडता येत नाही.

फ(क्ष) लिहिताना आपण दोन विधानं करतो. एक उघड: उत्तर क्ष वर अवलंबून आहे. दुसरं न बोललेलं: बाकी कशावर नाही. पहिलं विधान विद्यार्थी शिकतात. दुसरं बहुतेक जणांना आयुष्यात कधीतरी दाराशी भेटतं.

आमच्याकडे ते कापसाच्या हंगामात भेटतं. सीतादही होऊन पहिला वेचा घरात येतो तेव्हा पऱ्हाटीवर दव असतं आणि बोंडात ओल असते. हमीभावाच्या खरेदीचा नियम सरळ आहे. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत टक्क्याटक्क्याला कपात, बाराच्या वर खरेदीच नाही. भाव(ओल) असं लिहिता येईल, आणि आलेखही काढता येईल: आठपर्यंत आडवी रेघ, मग उतार, मग बारावर कडा तुटलेली. हिंगणघाटच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली असते. यंत्राची दांडी ढिगात खुपसली जाते, आकडा उमटतो. "मॉइश्चर किती आलं?" "साडेबारा." पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. कास्तकाराच्या मनातला भावही एक फल असतो, पण त्याच्या कंसात बियाण्याचे पैसे आहेत, बोंडअळीची फवारणी आहे, वेचणाऱ्या बायांची मजुरी आहे, परतीच्या पावसाने घातलेला घोळ आहे आणि घरातलं एक लग्न आहे. दांडीला यातलं काही ऐकू येत नाही. ती ज्याच्यासाठी बनवली ते इमानदारीने मोजते. भांडण खरं म्हणजे आकड्याचं नसतंच. दोघांचे कंस वेगळे असतात आणि दोघंही त्याला भाव असंच म्हणतात.

आकड्यांवर जीव असलेला एक माणूस पवनारला धाम नदीकाठी राहत होता. विनोबांना गणित किती प्रिय होतं हे त्यांच्याविषयी थोडंफार वाचलेल्याला सांगायला नको. १९२१ साली ते वर्ध्यात आले, १९३८ला पवनारला गेले, आणि मार्च १९५१मध्ये तिथून पायी निघाले हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. संमेलन आटोपल्यावर १८ एप्रिलला पोचमपल्लीत गावातल्या भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देतो म्हणून सांगितलं. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्या गोष्टीतला नियम आवडतो. सहावा हिस्सा द्या. देशातली लागवडीची जमीन तीस कोटी एकर धरली, तिचा सहावा हिस्सा पाच कोटी, आणि तेच भूदानाचं लक्ष्य ठरलं. फ(क्ष) बरोबर क्ष भागिले सहा. कंसात तीस कोटी एकर घाला किंवा एका गरिबाची तीन एकर घाला, नियम तोंड बघत नाही.

पण जमीन म्हणजे नुसते एकर नव्हेत. चाळीस लाख एकरांच्या वर दान मिळालं, त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वादात अडकलेली होती. दात्याने कंस बरोबर वाचला होता: एकर विचारलेत, एकर दिले. काळी की मुरमाड, विहीर आहे का, कोर्टात आहे का, हे त्या कंसात नव्हतं. ते कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. हात जोडून मागणारा माणूस मातीचा पोत विचारत बसला असता तर मागणंच थांबलं असतं. तरीही ओसाड टेकाड दानात मिळालेल्या एखाद्या भूमिहीनाने जेव्हा पहिल्यांदा वखर घातला असेल तेव्हा त्याला फाळाच्या खडखडाटात ते न बोललेलं दुसरं विधान ऐकू आलं असणार.

विनोबा सहावा हिस्सा मागत त्याची एक घरगुती बाजूही होती. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. गणित शिकवलेल्या माणसाला हे ऐकून स्वस्थ बसवत नाही. पाच असतील तर सहावा हिस्सा, ठीक. दोन असतील तर? मग विनोबा तिसरे आणि हिस्सा तिसरा. एकच असेल तर अर्धी जमीन. म्हणजे हा नियम क्ष भागिले सहा नाहीच. यात मुलग्यांच्या संख्येत एक मिळवायचा आणि तितक्याने भागायचं. वरवर एकच वाटणाऱ्या दोन मागण्या, पण एकीच्या कंसात जमीन एकटी आहे आणि दुसरीच्या कंसात जमिनीबरोबर घरही आलं आहे. मला वाटतं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. एकर मागणारा माणूस दारात उभा राहतो. मुलगा समजा म्हणणारा माणूस पंगतीत येऊन बसतो, आणि त्याला पाट मांडायचा तर बाकीच्यांना थोडं सरकावं लागतं.

त्या पंगतीत मुली मोजलेल्या नव्हत्या. त्या वेळच्या कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत त्यांना जन्माने हिस्साच नव्हता, तेव्हा हिशेब करणाऱ्याने मुलगे मोजले हे काळाला धरूनच झालं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने थोडं दार उघडलं. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना मुलग्यांइतका हक्क दिला, देशाने २००५ साली. तीन भाऊ आणि दोन बहिणींचं एक घर घ्या. १९५१ साली विनोबा त्या दारात उभे राहिले असते तर ते चौथे ठरले असते आणि चौथा हिस्सा मागते झाले असते. आज आले तर ते सहावे. नियम तोच, जमीन तीच, माणसंही तीच पाच. कंसात कोणाला धरायचं एवढंच बदललं आणि उत्तर बदललं.

आणि तेही कागदावर. वडील गेले की पटवाऱ्याकडे फेरफार होतो, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, त्यात बहिणींचीही चढतात. मग एखाद्या दिवाळीला किंवा भाच्याच्या बारशाला भाऊ हळूच विषय काढतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चार वेळा जायला नको म्हणून हक्कसोडपत्र तयार करूनच आणलेलं असतं, शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली केलेली असते, सही इथे कर. माहेर तुटू नये म्हणून कितीतरी जणी त्या फुलीवर सही करतात, आणि घर पुन्हा तीन भावांचं होतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी केली आहे. त्यांना मी काही सांगायला गेले नाही. प्रत्येकीच्या घरातला हिशेब तिलाच ठाऊक. पण गणिताच्या बाईची खोड म्हणून एक गोष्ट ध्यानात येते. जिचं नाव धरलेलंच नाही तिची सही कोणी मागत नाही. माझ्या आजीकडे असा कागद घेऊन कधीच कोणी आलं नव्हतं. परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, तिच्याकडे आलाय. वाचायला चार दिवस ठेवून जा, असं तिने भावाला सांगितलंय, आणि कागदातल्या गटक्रमांकापुढे क्षेत्र लिहिलंय ते हेक्टर-आरमध्ये, तर त्याचे एकर किती, असं ती मला विचारत होती.